लिमात हॉटेल कुठे आणि कसं घेतलंत? आपापले अनुभव लिहा

ऑगस्टमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन पेरूला जायचं ठरतंय. माचू पिचू हे सासऱ्यांचं शाळेपासूनचं वेड, त्यामुळे कुस्को आणि पुढचं सगळं त्यांनीच वहीत लिहून ठेवलंय, लिमाचं काम तेवढं माझ्याकडे आलंय. जाताना दोन रात्री, येताना दोन. मी एकदा ऑफिसच्या कामाने फेब्रुवारीत चार रात्री राहिलेय, म्हणून आधी माझा अनुभव लिहिते, मग तुम्ही सगळ्यांनी लिहा.

मी लिमाच्या मिराफ्लोरेस भागात होते. बुकिंग करताना समुद्राजवळ असं वाचलं आणि डोळ्यासमोर गणपतीपुळे आलं, हॉटेलातून उतरलं की वाळू. तसं तिथे नाहीच. शहर वर कड्यावर आहे, साठ-सत्तर मीटर तरी उंच, समुद्र पार खाली आणि कड्याच्या पायथ्याशी गाड्यांचा मोठा रस्ता. हॉटेलं सगळी वर. कड्याच्या काठाकाठाने बागा आणि चालायचा रस्ता आहे, त्याला मालेकॉन म्हणतात, संध्याकाळी अख्खं गाव तिथे येतं, आणि समुद्र आपल्यासारखाच पश्चिमेला असल्याने सूर्य पाण्यात बुडताना दिसतो. चार दिवसांत चारही संध्याकाळी मी तिथेच होते.

खोलीबद्दल मात्र फसले. दर कमी होता म्हणून घेतली, खाली बारीक अक्षरात 'विस्ता इंतेरिओर', म्हणजे खिडकी आतल्या बाजूला, असं लिहिलं होतं ते मी सोडूनच दिलं. पडदा सरकवला तर समोर डक्ट, हाताच्या अंतरावर शेजारच्या बाथरूमचा पाइप आणि मान वर केली तर आकाशाचा चौकोनी तुकडा. मी एकटी होते, दिवसभर बाहेर, चाललं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे दुपारी खोलीतच आराम करावा लागतो, त्यांना मी चार दिवस पाइप बघत बसवणार नाही. तर भाग कोणता घेतलात, कोणत्या महिन्यात गेलात, घरची मोठी माणसं बरोबर होती का, जेवणाचं काय केलंत, सगळं लिहा.

---

ऑगस्ट म्हणजे तिथला हिवाळा हे सगळ्यात आधी डोक्यात घ्या. आम्ही जुलैमध्ये गेलो होतो. थंडी आकड्यांत बघितली तर काहीच नाही, पंधरा-सोळा अंश, नाशिककर हसतील, पण हवा इतकी दमट की ती हाडात शिरते, आणि हॉटेलात हीटर असेलच असं नाही कारण तिथे घरं गरम ठेवायची पद्धतच नाही. कालेफाक्तोर आहे का असं मेल करून विचारा, म्हणजे हीटर. सूर्य पाच दिवसांत एकदाही दिसला नाही. तिथले लोक त्या आकाशाला 'गाढवाचं पोट' म्हणतात, अगदी तोच रंग. पाऊस नाही, पण गारुआ नावाची भुरभुर असते, छत्री उघडावी इतकीही नाही आणि चष्मा मात्र सतत पुसायचा. रात्री धुतलेले मोजे मी तिसऱ्या दिवशी ओलेच पिशवीत भरले.

आणि एक, नळावर सी लिहिलेलं असतं ते कोल्ड नाही, कालिएन्ते, म्हणजे गरम. थंडचा नळ एफचा. आमच्या बाबांनी पहिल्या सकाळी अंगावर कढत पाणी घेतलं, नशीब भाजलं नाही. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

---

मी तीन वर्षं नोकरीनिमित्त लिमात आहे, घरचे आणि मित्र येतच असतात त्यामुळे हॉटेलं शोधायचं काम माझ्याकडेच असतं, जरा सविस्तर लिहितो.

मोठी माणसं बरोबर असतील तर मिराफ्लोरेस किंवा सान इसिद्रो, दुसरा विचार करू नका. फुटपाथ सपाट आहेत, बाकं आहेत, औषधाचं दुकान कोपऱ्याकोपऱ्यावर. मिराफ्लोरेसमध्येही केनेडी पार्कच्या अगदी लगत घेऊ नका, तिथे एक गल्ली पिझ्झा आणि बारची आहे, शुक्रवार-शनिवार पहाटेपर्यंत धडधड चालू असते. पार्क आणि मालेकॉन यांच्या मधल्या आडव्या गल्ल्यांत घ्या. सान इसिद्रो शांत आहे, ऑफिसांचा भाग असल्याने शनिवार-रविवारी दर उतरतात, पण समुद्र चालत जायच्या अंतरावर नाही.

टॅक्सचं नीट समजून घ्या. इथे विक्रीकर 18 टक्के आहे आणि साठ दिवसांच्या आत परत जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला हॉटेलच्या खोलीवर तो माफ असतो, चेक-इनला पासपोर्ट आणि देशात शिरल्याची नोंद बघून त्याची प्रत ठेवतात. पासपोर्ट खोलीत ठेवून फोटो दाखवला तर काही जण नाही म्हणतात. माझा भाऊ-वहिनी आले तेव्हा मी उत्साहाने माझ्या नावावर, माझ्या इथल्या ओळखपत्रावर खोली घेतली, मी रहिवासी, लागला टॅक्स. बुकिंग येणाऱ्याच्याच नावावर हवं.

डॉलर देणार असाल तर कोऱ्या नोटा आणा. कडेला दोन मिलिमीटर फाटलेली नोटसुद्धा परत करतात, बँकेतून आणलीय म्हणून सांगून उपयोग नाही.

विमानतळ कायाओत आहे, मिराफ्लोरेसपासून अंतर फार नाही पण ट्रॅफिक आपल्या हिंजवडीसारखं, पाऊण तास लागेल की दीड ते देव जाणे. नवीन टर्मिनल जून 2025 मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत विमानतळासमोरच हॉटेल, बॅग ओढत पाच मिनिटांत पोचलो असं वाचाल ते जुन्या टर्मिनलसमोरचं, आता तिथूनही गाडीच लागते. रात्री उतरत असाल तर हॉटेलकडूनच गाडी सांगा, थोडे पैसे जास्त जातील पण नावाची पाटी घेऊन माणूस उभा असतो. सुरक्षिततेचं खोटं सांगणार नाही, 2025 मध्ये खंडणीच्या गुन्ह्यांमुळे लिमा आणि कायाओत आणीबाणी लावावी लागली होती. मिराफ्लोरेसमध्ये पर्यटक म्हणून तुम्हाला सांभाळायचाय तो फोन. रस्त्याकडेला उभं राहून नकाशा बघायचा नाही, दुकानात शिरायचं आणि मग बघायचं.

आणि लॉबीत, जिन्याजवळ हिरव्या-पांढऱ्या रंगात मोठा एस लिहिलेली पाटी असते, ती भूकंपात उभं राहायची जागा. घाबरवण्यासाठी सांगत नाही, बारीकसारीक धक्के बसतात, इथली माणसं जेवणाचा घास थांबवून एकमेकांकडे बघतात आणि परत जेवायला लागतात. आलात की एकदा ती जागा सगळ्यांना दाखवून ठेवा.

---

वरच्या भूकंपाच्या मुद्द्यावरून आठवलं. आमचं हॉटेल वाका पुक्यानाच्या शेजारी होतं, मिराफ्लोरेसच्या मधोमध मातीच्या विटांचा प्रचंड मोठा पिरॅमिड आहे, इंका लोकांच्याही कितीतरी आधीचा, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा. खोलीतून तोच दिसायचा. माझे बाबा पीडब्ल्यूडीत होते, त्यांनी समुद्राकडे बघितलंसुद्धा नाही, त्या विटाच बघत बसले. विटा आडव्या रचलेल्या नाहीत, कपाटात पुस्तकं लावावीत तशा उभ्या, मध्ये मध्ये फटी सोडून, म्हणजे जमीन हलली की विटांना हलायला जागा. बाबा म्हणाले, एवढी वर्षं नोकरी केली, असं बांधकाम पहिल्यांदा बघतोय. समुद्रच दिसला पाहिजे असा हट्ट धरू नका एवढंच सांगते, ऑगस्टमध्ये धुक्यात तो तसाही दिसत नाही.

---

मी आणि आई गेलो होतो, आई पूर्ण शाकाहारी, एकादशी वगैरे सगळं पाळणारी.

पहिली गोष्ट, मात्रिमोनियाल असं लिहिलेली खोली म्हणजे एकच डबल बेड. मी नुसतं दोघं असं टाकलं होतं, त्यांनी मात्रिमोनियाल दिली, रात्री अकराला आई दारातच उभी. बदलून मिळाली, पण दुसऱ्या दिवशी. दोन बेड हवे असतील तर 'दोस कामास' असं स्पष्ट लिहा. मजल्यांचंही आहे, तिथे प्रिमेर पिसो म्हणजे आपला तळमजला, त्यामुळे दुसरा मजला म्हटलं की एकच जिना.

नाश्ता हॉटेलातच धरा. पाव, अ‍ॅव्होकाडो, चीज, ऑलिव्ह, पपईचा रस हे बहुतेक ठिकाणी असतंच. कॉफी एका छोट्या किटलीत काळी दाट अर्कासारखी येते आणि बाजूला गरम पाणी, आपल्याला हवी तेवढी मिसळायची, आईला हे फार आवडलं, आपल्या फिल्टर कॉफीच्या डिकॉक्शनसारखं. फळांत चिरिमोया मिळाली तर सोडू नका, सीताफळाचीच बहीण, वरून गुळगुळीत आणि आत तोच गर त्याच काळ्या बिया. आईने खोलीत बसून चमच्याने अख्खी खाल्ली, बिया मोजून कागदात ठेवल्या.

जेवणाला नुसतं वेहेतारियानो म्हणू नका, चिकन घालून आणतात कारण त्यांच्या मते कार्ने म्हणजे बीफ. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, म्हणजे बीफ नको, चिकन नको, मासे नको, असं तिन्ही म्हणायचं, आणि सूप टाळायचं, त्यात चिकनचं पाणी असतंच. चिनी जेवणाला तिथे चिफा म्हणतात, भाज्यांचा फ्राइड राइस कुठेही मिळतो. पण आईला खरा आधार मिळाला तो सोमवारी. पेरूत सोमवारी घरोघरी मसूर करायची पद्धत आहे! हॉटेलच्या मागच्या गल्लीत छोटी खानावळ होती, पाटीवर लेंतेहास वाचलं, मालकीणबाईंना खुणांनी मांस नको, अंडं नको सांगितलं, आणि समोर आलं काय, लसणाचा वास येणारा मोकळा भात आणि त्यावर दाट मसुराची आमटी. आईने बॅगेतून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढली. मालकीणबाईंनी बोटभर चाखली, डोळे मिटले, आतून सुनेला बोलावून आणलं. आम्ही सोमवारी गेलो हा योगायोग, तुम्ही ठरवून जा.

टॉयलेटमध्ये जेट नसतो, कागदही कमोडमध्ये टाकायचा नाही, बाजूच्या डब्यात, म्हणून प्लास्टिकचा मग न्याच. नळाचं पाणी पिऊ नका. आपला दोन बारीक पिनांचा चार्जर तिथल्या बहुतेक सॉकेटमध्ये बसतो, व्होल्टेजही 220, त्यामुळे आमची छोटी किटली चालली.

---

बारांकोबद्दल थोडक्यात. रंगीत जुने वाडे, भिंतींवर चित्रं, फार देखणा भाग आहे, आम्ही दोघं नवराबायको तीन रात्री राहिलो आणि परत राहू. पण जुन्या वाड्याचं हॉटेल, लाकडी जिना, लिफ्ट नाही, आणि शनिवारी रात्री तीनपर्यंत गाणी. तुमच्या सासूबाईंसाठी दुपारी फिरायला न्या, राहायला नको.

---

मी ऑक्टोबरमध्ये जुन्या लिमात, प्लाझाजवळ म्हणजे मुख्य चौकाजवळ राहिलो, तिथे कोणी राहायला सांगत नाही हे माहीत असून. ऑक्टोबरात सेन्योर दे लोस मिलाग्रोसची, म्हणजे चमत्कार करणाऱ्या येशूच्या चित्राची मिरवणूक निघते, सगळीकडे जांभळे कपडे, रस्ते बंद, टॅक्सी आत येत नाही, मला बॅग घेऊन सात-आठ गल्ल्या चालावं लागलं. त्या चित्रापुढे धुपाची भांडी घेतलेल्या बायका उलट्या चालतात, देवाकडे पाठ नको म्हणून, तासन्‌तास, एक पाऊल मागे, परत एक पाऊल मागे. आळंदीला पालखीच्या गर्दीत उभं राहिल्यावर जे होतं तेच मला तिथे झालं. ऑगस्टमध्ये हे मिळणार नाही, पण ऑक्टोबरात कोणी जाणार असेल तर बुकिंगआधी या तारखा नक्की बघा.

---

सगळ्यांचे मनापासून आभार, सान इसिद्रो बाद केलं, हीटरचं मेल टाकलं. एक राहिलं, आमचं विमान 12 तारखेला रात्री 12:40 ला उतरतंय, तर 12 पासून बुकिंग बरोबर ना? आणि कुस्कोला सगळं सामान न्यायचं का?

---

नाही नाही, 11 पासून करा! 12 चं केलंत तर खोली 12 ला दुपारी दोन-तीनला मिळेल. आमचं हेच झालं होतं, सहा वर्षांची मुलगी लॉबीतल्या सोफ्यावर आणि मी तिच्या उशाशी. रिसेप्शनवरच्या मुलाने स्वतःचं जॅकेट तिच्या अंगावर घातलं, खोली मात्र एकही रिकामी नव्हती. 11 चं बुकिंग करा आणि विमानाचा नंबर मेलने कळवा, की आम्ही मध्यरात्रीनंतर पोचतोय, नाहीतर आलेच नाहीत म्हणून खोली दुसऱ्याला देतात.

सामानाचं सोपं आहे. येताना त्याच हॉटेलात राहणार असाल तर मोठ्या बॅगा तिथेच ठेवतात, बहुतेक जण पैसे घेत नाहीत, पावती तेवढी घ्या. माचू पिचूच्या ट्रेनमध्ये तशीही छोटीच बॅग चालते.

---

उशिरा लिहितेय. आम्हीही येताना दोन रात्री ठेवल्या होत्या, त्या फार कामी आल्या. कुस्को 3400 मीटरवर, तिथे आठ दिवस नीट झोप नाही, भूक नाही, सासूबाईंचं डोकं सतत दुखत होतं. लिमाला परत आलो आणि त्या सलग अकरा तास झोपल्या. कोपऱ्यावरची खोली होती, मालेकॉनपासून दोन गल्ल्या आत, खिडकीला दाट पडदा. उठल्यावर म्हणाल्या मला पाण्यापर्यंत जायचंय. जिने बरेच आहेत, त्यांना जमणार नव्हते, टॅक्सी करून खाली नेलं. वाळू नाहीच तिथे, सगळे गोल गुळगुळीत दगड. लाट आली की नेहमीसारखा आवाज, पण परत जाताना ते हजारो दगड एकमेकांवर घासत खाली ओढले जातात आणि मोठी परात भरून हरभरे ओतावेत तसा आवाज येतो. सासूबाई पाऊण तास एका दगडावर बसून तेच ऐकत होत्या. परत जाण्यासाठी टॅक्सी तिथे खाली पटकन मिळत नाही, आम्ही आणणाऱ्यालाच थांबवून ठेवलं होतं.