मदत हवी आहे: पेनसिल्व्हेनियात वर्क झोनची नोटीस

इथे पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांपैकी कुणाला हायवेच्या वर्क झोनमधल्या, म्हणजे रस्त्याचं काम चालू असलेल्या भागातल्या, वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याची नोटीस आली आहे का? आमची गाडी माझ्या नावावर आहे, म्हणून नोटीस मला आली. चालवत होता नवरा. पहिल्या वेळी फक्त लेखी ताकीद असते, दुसऱ्यांदा ७५ डॉलर आणि त्यानंतर दर वेळी १५० डॉलर, एवढं कळलं. लायसन्सवर नियमभंगाचे पॉइंट्सही लागत नाहीत. पण पोलिसांनी प्रत्यक्ष अडवलं तर गोष्ट वेगळी, तिथे दंड दुप्पट होऊ शकतो.

माझा प्रश्न हा: कॅमेरा कामगार हजर असतानाच चालू असायला हवा. नवरा म्हणतो, रात्री नुसती नारिंगी पिंपं आणि अरुंद झालेली लेन होती, माणूस एकही दिसला नाही. बॅरिकेडमागे कुणी असेलही, ते मला मान्य आहे, आणि त्या माणसांच्या जिवासाठी हा नियम हवाच. तरी कामगार होते की नाही, याची नोंद मागता येते का? की नुसत्या ताकिदीवर हरकत घेताच येत नाही? हीच पहिली नोंद धरून पुढे दंड लागतो, म्हणून विचारतेय. अनुभव असेल तर कृपया सांगा.