मदत हवी आहे : हिंदू माहेरचा फराळ, नैवेद्य आणि शाफई मत

अस्सलामु अलैकुम मंडळी. मूळ हुकूम स्पष्ट आहे: बिगरमुस्लिम नातलगांनी दिलेली भेटवस्तू घेता येते. हजरत अबू बकर यांची मुलगी हजरत अस्मा, त्यांची आई मुश्रिक (मूर्तिपूजक) होती, तरी नातं जपायला सांगितलं गेलं. कुरआनातल्या सूरह मुम्तहिना, आयत ८ चा आधारही आहेच. सणाच्या दिवशी आलेली भेटवस्तूही जुने विद्वान इब्न तैमिया जायज (चालणारी) मानतात, फक्त सणासाठी कापलेलं जनावर सोडून.

अडतं ते नैवेद्यावर. दिवाळीच्या डब्यात चकली, करंज्या, लाडू येतात. मांस नाही, चरबी नाही, म्हणजे जिन्नस हलाल. पण त्याच घाण्यातल्या चार करंज्या देवापुढे ठेवल्या असतील, तर बंदी त्या चारांपुरती की सगळ्या डब्याला? हनफी मजहबचे (फिकहच्या एका परंपरेचे) फतवे सहज सापडतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मजहबचे, म्हणून शाफई किताबातला हवाला हवा आहे, बाब आणि पानासकट. ‘टाळलेलं बरं’ एवढं उत्तर नको. हराम (पूर्ण मनाई) की मकरूह (नापसंत, पण हराम नाही) ते सांगा.

दुसरं, भाऊबीजेची ओवाळणी. भावाची कमाई मिश्र, पगारासोबत व्याजही. शाफई विद्वान इमाम नववी अशा व्यवहाराला मकरूह म्हणतात, हराम नाही. नोट नेमकी व्याजाचीच आहे हे ठाऊक असेल तर ती परत करायची, की सवाबाची (पुण्याची) नियत न धरता गरिबाला द्यायची?