विहिरीतल्या मातीतल्या गोळ्या अ‍ॅसिडमध्ये विरघळल्या, आता काय करू?

शेंबडी_संत्री : नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी नागपूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कळमेश्वरकडे मामाच्या शेतात विहीर खोदताना काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये राखी मातीचा हातभर पट्टा लागला. मामा म्हणाले, "फेक, मुरूम पण नाही धड." मी पिशवीभर घरी आणली. भिंगातून पाहिलं तर खसखशीएवढ्या गोळ्या, त्यावर स्क्रूसारखे आटे!

परागकण काढायला माती अ‍ॅसिडमध्ये टाकतात एवढं वाचलं होतं. फरशी धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. फसफसलं, आणि गोळ्या गायब. 😭 उरलेल्या गाळाच्या स्लाइडवर चार-पाच काटेरी गोल कण दिसले. ते जुने असतील का? अर्धी पिशवी अजून आहे.

खडकवेडा : अगं, घाई केलीस. वर्णनावरून त्या गोळ्या कारा-कुळातल्या शैवालाच्या वाटतात. बीजाभोवती पाच पट्ट्या डावीकडे पिळलेल्या असतात आणि त्यांवर चुन्याचं कवच चढतं. अ‍ॅसिडला चुना म्हणजे मेजवानीच. कारा आजही संथ, उथळ, स्वच्छ पाण्यात उगवते. विहिरीतला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच. म्हणजे एक लाव्हा थिजल्यावर आणि दुसरा येण्याआधी मामांच्या शेतात तळं असावं, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. आपल्या नागपुरातल्या टाकळीच्या थरांतूनही हे जीवाश्म नोंदलेले आहेत. पोलीस लाइन टाकळीत राहणाऱ्यांना सांगून बघ, हसतील.

उरलेल्या मातीचे दोन वाटे कर. एक नुसता पाण्यात भिजव, हवं तर चिमूटभर धुण्याचा सोडा घाल, मग बारीक चाळणीतून हलक्या हाताने धू. गोळ्या मिळतील. दुसऱ्या वाट्याला हात लावू नकोस, तो परागकणांसाठी. आधी चुना काढतात, मग वाळू-माती विरघळवायला हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड वापरतात. परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या चिवट पदार्थाचं, ते त्यातूनही तगतं. आपण तगत नाही. ते अ‍ॅसिड कातडीतून आत शिरतं, हाडातल्या कॅल्शियमपर्यंत जातं, आणि पातळ असेल तर दुखायला तासन्‌तास लागतात. घरी अजिबात नाही. सरांमार्फत लखनौच्या बीरबल साहनी संस्थेला लिही.

धोंडोपंत : ते काटेरी कण म्हणजे गाजरगवत असण्याची दाट शक्यता. नागपुरात कुठे नाही ते? अंगणातल्या फुलाची स्लाइड करून शेजारी ठेव. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचीही एक कर. तिच्यावरही तेच कण दिसले तर ते हवेतून आलेत. आणि ढेकळाचं बाहेरचं अंग तासून आतला गाभाच घ्यायचा. पट्टा वरच्या दगडाला चिकटून होता का? लाव्हाने भाजलेल्या मातीत कण काळे पडतात. लाल माती असेल तर नादच सोड, हवा लागून सगळं कुजलेलं असतं.

शेंबडी_संत्री : राखीच आहे, वरच्या दगडापासून वीतभर खाली. पाण्याची स्लाइड केली, काटेरी कण तिच्यावरही आहेत. 🙈 मामांना फोन केला. परवा मोटर बसतेय, त्याआधी उतरू देतील म्हणाले. पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या भागाचे नमुने वेगळ्या पिशव्यांत भरायचे ना?

खडकवेडा : हो. पिशवीवर खोली लिही. आणि दोर कमरेला.