खंड्याचा फोटो: धूसरपणा नेमका कुठला?

फांदीवर बसलेल्या खंड्याच्या (किंगफिशर पक्ष्याच्या) या फोटोवर वर दोघांनी 'शार्पनेस (रेखीवपणा) कमी वाटतो' असं लिहिलंय. बरोबर आहे, पण एवढ्यावरून फोटो काढणाऱ्याने करायचं काय? १०० टक्के झूम करून पाहा. डोळा आणि फांदी दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारखी दिसताहेत, म्हणजे हात हलला आहे. फोकस चुकला असता तर पुढची किंवा मागची एखादी काटकी तरी स्वच्छ दिसली असती. आणि फक्त पक्षी हलला असता तर फांदी लख्ख आली असती.

३०० मिमी लेन्स, १.५ क्रॉपचा (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सर, म्हणजे ३०० × १.५ = ४५०, तेव्हा हातात धरून शटरस्पीड किमान १/४५० सेकंद हवा; तुम्ही १/२०० वर आहात. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर निभावतं, पण पक्षी मान फिरवतोच. १/८०० ठेवा, त्यासाठी आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० वरून १६०० करा. थोडा नॉइज (दाणेदारपणा) परवडला, तो नंतर कमी करता येतो. हललेला डोळा नाही.

छातीचा पांढरा भाग मात्र जास्त प्रकाशाने उडालाय, पिसांचा पोत गेलाय. मागे गर्द झाडी असली की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो जास्त उजळ येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) -०.७ करून हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) बघा.

चोचीपुढे सोडलेली जागा सुरेख, तिथे क्रॉप करू नका.