चिनी गाडी म्हणजे पेटणारच?

वरच्या कमेंटमध्ये एकांनी लिहिलंय की चिनी ईव्ही (इलेक्ट्रिक गाडी) म्हणजे चालता बॉम्ब, घ्यायची तर टेस्ला घ्या. अहो, पण २०२५ च्या जुलैत मुंबईत बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडलं आणि तिथे विकायला ठेवलेली मॉडेल वाय शांघायच्या कारखान्यातूनच आली होती की! आणि आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक ईव्हींच्या बॅटरीतले सेलपण अजून तिकडूनच येतात, त्यामुळे नुसतं 'चिनी' म्हणून नाक मुरडण्यात काही अर्थ नाही.

क्रॅश टेस्टचं म्हणाल तर बीवायडी या चिनी कंपनीच्या ॲटो ३ ला २०२२ मध्ये युरो एनकॅपचे (युरोपातली गाड्यांची सुरक्षा तपासणारी संस्था) ५ स्टार मिळालेत. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), म्हणजे निकेलवाल्या सेलपेक्षा आग धरायला कठीण. धरतच नाही असं नाही हां. फक्त टेस्ट झालेलं व्हेरियंट आणि आपल्याकडे मिळणारं व्हेरियंट यातले एअरबॅग नि एडास (आपोआप ब्रेक लावण्यासारख्या ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सोयी) तेवढे ताडून बघा, सेल्समन स्वतःहून सांगत नाही.

इम्पोर्टेड ईव्हीवरचा माझा विश्वास उडाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्या मेहुण्यांची इम्पोर्टेड ईव्ही (कंपनीचं नाव नको) सोसायटीच्या गेटसमोरच्या स्पीडब्रेकरला खालून घासली, बॅटरीखालचं कव्हर चेपलं, साधी चीर पण नव्हती, तरी पार्ट यायला अडीच महिने लागले आणि तोवर रोज फोन केला की तेच, "सर, शिपमेंट पोर्टवर आहे". मेहुणे तेवढे दिवस जुन्या ॲक्टिव्हावर.