गाडी गरम होते? आधी सांगा, कधी होते! (अनुभव धागा)

गेल्या रविवारी खंबाटकी घाटात बॉनेट उघडून दीड तास बसलो होतो. तेवढ्यात पाच जण थांबले आणि पाच निदानं पदरात पडली. एकाने तर बॅटरी सांगितली. गाडी नक्की कधी तापली, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून हा धागा. नुसता पार्ट सांगू नका, दोष सापडला कसा ते लिहा.

माझंच आधी. सपाटीला ऐंशीने जाताना तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही, चढ लागला की वर. फॅन ठणठणीत. चार वर्षं मी बोअरचं पाणी ओतत आलो होतो, त्याच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजल्या होत्या. इंजिन बंद करून, फॅनचं कनेक्शन काढून (तो इंजिन बंद असतानाही फिरू शकतो) मिस्त्रींनी जाळीवर हात फिरवला. कडेला चटका, मधला पट्टा गार. झालं निदान.

*

ठाण्याहून. माझं बरोबर उलटं. घोडबंदर रोडला सिग्नलवर उभं राहिलं की काटा चढायचा, गाडी धावू लागली की खाली. म्हणजे पाणी फिरतंय, वारा कमी पडतोय. एसी लावून बघितला, तरी फॅन ढिम्म. फ्यूज शाबूत होता. शेजारची त्याच नंबरची हॉर्नची रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) फॅनच्या जागी बसवली आणि फॅन घरघरला. हॉर्न न वाजवता ठाण्यातून घरी आलो, हा वेगळा पराक्रम.

*

माझा धडा महागात पडला. सोलापूर रस्त्याला संध्याकाळी काटा लालवर गेला. थांबायला जागा शोधतोय तोवर झपकन खाली, पार थंडवर. म्हटलं, देव पावला! आणि सहा-सात किलोमीटर तशीच दामटली.

रेडिएटरच्या खालच्या होजची (रबरी नळीची) क्लिप निसटून सगळं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) रस्त्यावर गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडालेलाच नव्हता, मग तो तापमान कसलं दाखवणार? एक खूण मिळाली होती. इंजिनाची उष्णता कमी व्हावी म्हणून हीटर फुल लावला, तर गार वारा आला. हीटरमध्येही तेच कूलंट फिरतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. पुढे टोचन, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडणं, फेसिंग (त्याचा पृष्ठभाग सपाट करणं), नवी गॅस्केट (हेडखालचं सील). ऑइलची डिपस्टिक काढली तर दुधाळ चहा, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं.

*

इस्लामपूर. ऊसतोडीच्या दिवसांत पाचटाचा भुगा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत बसतो, समोरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेर असं हलक्या धारेने पाणी मारा. पाच मिनिटांचं काम.

*

कुठे गळती नाही, पण कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरते आणि गाडी तापते. गॅस्केटच का?

*

धागाकर्ता: दादा, आधी रेडिएटरचं झाकण बघा. साधारण एक बारचा दाब ते धरून ठेवतं, म्हणून साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग ढिली झाली की लवकर उकळतं. नवं झाकण लावूनही इंजिन चालू असताना बाटलीत सारखे बुडबुडे येत असतील, तर मात्र गॅस्केटचा संशय घ्या. आणि झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा. माझ्या मनगटावर १५ वर्षांपूर्वीच्या घाईची खूण अजून आहे.

*

माझी सकाळी निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरमध्येच तापते. गॅरेजवाला म्हणतो, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरमधून पाणी फिरू देणारी झडप) काढूनच टाकू, आपल्याकडे कुठे थंडी असते!

*

ठाणेकर पुन्हा: नवा बसवा, काढून नका टाकू. माझ्या जुन्या गाडीचा काढला होता. काटा मध्यापर्यंत चढेचना आणि पेट्रोल भसाभस प्यायला लागली. नवा घेतलात की पातेल्यात पाणी तापवून त्यात टाकून बघा. त्यावर ८२ लिहिलं असेल, तर तेवढ्या अंशांच्या सुमारास उघडायला लागतो. पातेलं चहाचं घेऊ नका, घरात आजही ऐकून घेतोय. बाकी, तुमचा वरचा होज तापलेला आणि खालचा गार आहे का?

*

आत्ताच बघून आलो. खालचा गारच आहे.