'फँटम मेनस'च्या शेवटच्या द्वंद्वातला कोरस: ते शब्द खरंच संस्कृत आहेत का?

तिसरी_फेरी

'स्टार वॉर्स'चा 'द फँटम मेनस' (१९९९) पुन्हा बघायला घेतला आहे. संवाद अळणी आहेत, व्यापार-कराची भानगड कुणाला कळत नाही, जार जार हे विनोदी पात्र डोक्यात जातं. या सगळ्याची धुलाई इथे आधीच यथेच्छ झाली आहे, ती परत नको. मला विचारायचंय ते आवाजाबद्दल. डोळे मिटून ऐकला तर हा सिनेमा वेगळाच वाटतो.

शेवटी क्वाय-गॉन आणि ओबी-वान हे दोन जेडाय योद्धे आणि खलनायक डार्थ मॉल प्रकाशाच्या तलवारींनी भिडतात तेव्हाचा कोरस, म्हणजे संगीतकार जॉन विल्यम्सची 'ड्युएल ऑफ द फेट्स' ही रचना. शब्द संस्कृत आहेत असं सगळे ठोकून देतात, पण शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्यालाही त्यातून एक वाक्य लागत नाही. 'कोरा', 'माता', 'राता मा' असलं काहीतरी ऐकू येतं. मूळ ओळी कुठल्या? आणि सिनेमात ही रचना तुकड्या-तुकड्यांत येते, सलग कुठे ऐकावी?

शिवाय घरच्या ५.१ वर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) पॉडरेस, म्हणजे सिनेमातली इंजिनवाल्या रथांची शर्यत, लावली की मागचे स्पीकर जवळजवळ गप्प असतात. चूक डिस्कची की मांडणीची?

पाणिनीचा_पाहुणा

शब्दांपुरतं लिहितो. मुळात या ओळी वेल्श आहेत. 'काद गॉदाय', म्हणजे 'झाडांची लढाई', ही 'बुक ऑफ टालिएसिन' या चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितातली कविता. तीत शंभर डोकी असलेल्या एका अजस्र प्राण्याचं वर्णन येतं: त्याच्या जिभेच्या मुळाशी एक लढाई चाललेली, दुसरी डोक्याच्या मागच्या बाजूला. रॉबर्ट ग्रेव्ह्जने 'द व्हाइट गॉडेस' (१९४८) या पुस्तकात तिचं इंग्रजी केलं. विल्यम्सला त्यातली नेमकी हीच कल्पना आवडली. त्या ओळी त्याने संस्कृतात करून घेतल्या आणि मग अर्थ बाजूला ठेवून, स्वर कसे वाजतात एवढंच बघून अक्षरं सुरांवर बसवली. त्यामुळे वाक्य शोधायला जाऊच नका. अन्वय लागणार नाही, कारण तो तिथे नाहीच.

ओळखू येणारा शब्द एकच, 'युधा'. 'युध्' या स्त्रीलिंगी नामाची तृतीया एकवचन 'युधा' होते, 'लढाईने'. ते रूप मुद्दाम घेतलं की 'युद्ध'चा शेवट गाण्यासाठी ओढला, हे नुसत्या ऐकण्यावरून ठरत नाही. गंमत म्हणजे 'जिभेचं मूळ' याला आपल्याकडे जय्यत तयार शब्द आहे, जिह्वामूल. व्याकरणात जिह्वामूलीय हा उच्चारही आहे. पण कोरसमध्ये 'जिह्वा'चा ज सुद्धा ऐकू येत नाही. डोक्यासाठी 'शिरसि' किंवा 'मस्तके' यायला हवं होतं, तेही नाही. 'कोरा'वर मराठी कान हमखास फसतो. तो आपला कोरा कागद नव्हे आणि कोरा चहाही नव्हे.

दुसरी अडचण उच्चाराची. गाणारे इंग्रज, समोर रोमन लिपी. इंग्रजी 't' दातांच्या मागच्या हिरडीवर लागतो, म्हणजे तो आपला त नाही आणि टही नाही. 'ध'मधला ह गळतो, उरतो नुसता द. 'मा', 'रा' यांतला आ मात्र भरपूर खुला आणि लांब, विल्यम्सला हवा होता तो हाच. एखाद्या गायनवृंदाला हे बसवायचं असेल तर 'शुद्ध' संस्कृत उच्चारांचा आग्रह धरू नये. ध नीट सोडायला गेलं की त्या गतीत पुढची मात्रा हुकते.

कानसेन

वरच्या प्रतिसादाला +१. आता सांगीतिक बाजू.

ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९९९, लंडनचा अ‍ॅबी रोड स्टुडिओ. वाद्यवृंद लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कोरस लंडन व्हॉइसेसचा. सलग ऐकायची तर ४ मे १९९९ला आलेल्या मूळ अल्बमवरची ४ मिनिटं १४ सेकंदांची आवृत्ती घ्या. सुरुवातीला कोरसचा दणका, मग तो थांबतो आणि खाली तंतुवाद्यांची छोटी धावती आकृती सुरू होते. तीच पुन्हा पुन्हा फिरत राहते. पहिल्यांदा ऐकताना कोरस सोडून द्या आणि फक्त त्या आकृतीवर कान ठेवा. रचनेचा कणा तो आहे, कोरस वरून येऊन आदळतो.

नोव्हेंबर २०००मध्ये दोन सीडींची 'अल्टिमेट एडिशन' आली. नावावर जाऊ नका. तीत संगीत सिनेमात वाजतं तसंच आहे, कापाकापीसकट. कापाकापी का झाली, तर शेवटी चार लढाया एकाच वेळी चालतात: अवकाशातली, गवताळ मैदानावरची, राजवाड्यातली आणि हे द्वंद्व. ध्वनिमुद्रणानंतरही दिग्दर्शक जॉर्ज लुकसने त्या भागाचं संकलन बदललं, मग तयार संगीत कापून, जोडून, हलवून नव्या दृश्यांवर बसवावं लागलं. कान तयार असेल तर सांधे कळतात.

द्वंद्व बघताना लाल ऊर्जापडद्यांची जागा नीट बघा. पडदे मध्ये येतात आणि तिघं वेगळे पडतात. क्वाय-गॉन तलवार विझवून गुडघ्यावर बसतो, डोळे मिटतो. मॉल पिंजऱ्यातल्या जनावरासारखा येरझाऱ्या घालत तलवार पडद्याला लावून बघतो. संगीत मागे सरतं आणि तलवारींची गुणगुण तेवढी उरते. दोघांच्या स्वभावातला फरक एकाही संवादाशिवाय कळतो. लुकसला संवाद जमत नाहीत म्हणणाऱ्यांनी ही जागा बघावी; इथे त्याने ते लिहिलेच नाहीत.

आता माझी सगळ्यात लाडकी जागा. अगदी शेवटी नाबू ग्रहावर विजयाची मिरवणूक निघते, मुलांचा कोरस आनंदाने गातो. त्या गाण्याची गती अर्धी करून ऐका, मोबाइलवरच्या कुठल्याही प्लेअरमध्ये ०.५ची सोय असते. मग लगेच 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधली (१९८३) सम्राटाची धून लावा, पुरुषांचा तो खर्जातला कोरस. सुरावट एकच आहे! मायनरची मेजर केली, गती वाढवली आणि मुलांच्या तोंडी दिली. पडद्यावर सगळे हसतायत, पुढे हाच सम्राट होणारा पॅल्पटीन नुकताच चॅन्सलर झालाय, आणि लोक नाचतायत ते त्याच्याच धुनेवर. प्रीक्वेल कसा लिहावा याचा धडा या सिनेमात पटकथेने नाही, संगीताने दिलाय. छोट्या अनाकिनच्या कोवळ्या धुनेच्या शेवटी 'इंपीरियल मार्च'चे, म्हणजे तो पुढे ज्याचा होतो त्या डार्थ व्हेडरच्या धुनेचे, सूर डोकावतात, तेही असंच.

अवांतर: अल्बम अमेरिकेतल्या प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी दुकानात आला आणि त्यावरच्या एका तुकड्याचं नाव होतं 'क्वाय-गॉन्स नोबल एंड', म्हणजे क्वाय-गॉनचा उदात्त अंत. झालं, शेवट आधीच फुटला!

उडती_तबकडी

एवढं सगळं खरं असेलही, पण बघायला सिनेमा रटाळ आहे तो आहेच. मिडिक्लोरियन हे रक्तातले सूक्ष्मजीव मोजायला काढून 'फोर्स' या गूढ शक्तीची पार रया घालवली.

कानसेन

मिडिक्लोरियनबद्दल वाद नाही.

मागचा_स्पीकर

पॉडरेसबद्दल. हा सिनेमा आला तोच मुळी नवी ध्वनिपद्धत घेऊन, डॉल्बी डिजिटल सराउंड ईएक्स. मागच्या भिंतीसाठी वेगळा चॅनल. पण तो स्वतंत्र नव्हता, डाव्या-उजव्या सराउंडमध्ये सारख्या प्रमाणात मिसळलेला होता. डीकोडर असेल तर तो बाहेर काढून मागे पाठवतो. नसेल तर तोच आवाज दोन्ही बाजूंनी समान येतो आणि मधोमध मागून आल्याचा भास होतो. ध्वनीवाले या भासाला 'फँटम' म्हणतात, सिनेमाला शोभेल असंच.

तेव्हा आधी हातात काय आहे ते बघा. ऑक्टोबर २००१च्या डीव्हीडीवर ५.१ ईएक्स आहे. रिसीव्हरने (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राने) आपण होऊन ओळखलं नाही तर मेनूत जाऊन ईएक्स हाताने लावा. २०११च्या ब्लू-रेवर डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ६.१ आहे. ५.१ मांडणीत तिचा मागचा चॅनल दोन्ही सराउंडमध्ये वाटला जातो, ७.१ असेल तर एकच आवाज मागच्या दोन्ही स्पीकरांना जातो. २०२०च्या ४के डिस्कवर डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज येणारी पद्धत.

मागचे गप्प वाटण्याची कारणं बहुतेक वेळा तीन. फ्लॅटमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि सराउंड डोक्यामागच्या त्याच भिंतीवर ठोकलेले. ५.१साठी ते कानाच्या रेषेपासून जरासे मागे, म्हणजे समोरच्या मध्यापासून सुमारे ११० अंशांवर आणि कानापेक्षा थोडे वर हवेत. सोफा एक-दीड हात पुढे ओढला तरी फरक पडतो. दुसरं, रिसीव्हरमध्ये अंतरं अंदाजे भरलेली. एका मीटरच्या चुकीने आवाज साधारण ३ मिलिसेकंद पुढे-मागे होतो आणि पॉड पुढून मागे जाताना मधेच तुटतो. टेप लावून मोजा. तिसरं आणि सगळ्यात नेहमीचं, 'नाइट मोड' चालू राहिलेला. तो मोठे आवाज दाबतो, बारीक वर आणतो, आणि या शर्यतीचा जीव तर त्याच फरकात आहे.

तपासायला शर्यतीची सुरुवात वापरा. सगळे पॉड सुटतात, अनाकिनचं इंजिन बंद पडतं, गोंगाट लांब जातो आणि क्षणभर मैदान रिकामं वाटतं. मांडणी बरोबर असेल तर ते रिकामेपण मागूनही जाणवतं. नसेल तर नुसताच आवाज कमी झाल्यासारखा वाटतो.

आणखी एक. शर्यतीचा बराचसा भाग संगीताशिवाय आहे, वाद्यवृंद येतो तो शेवटाकडे. तोवर ध्वनिरचनाकार बेन बर्टची इंजिनंच वाजतात, प्रत्येक पॉडचं वेगळं. प्रतिस्पर्धी सेबुल्बाचं खालच्या पट्टीतलं धडधडणारं, अनाकिनचं किंचाळणारं. चित्र न बघता कोण पुढे गेलं ते सांगता येतं. डीव्हीडीपासून पुढे सुरुवात आणि दुसरी फेरी वाढवलेली आहे. थिएटरातली आटोपशीर शर्यत हवी तर २०००ची व्हीएचएस किंवा जपानी लेझरडिस्क शोधावी लागेल.

तिसरी_फेरी

नाइट मोडच निघाला! आभार. तलवारीच्या त्या गुणगुणीबद्दलही कुणी लिहा ना. ती कशी केली, आणि घरी करता येते का?

कानसेन

येते. मूळ कृती बेन बर्टची, पहिल्या सिनेमासाठी (१९७७) केलेली. एका जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरींची रिकामी घरघर, आणि तुटक्या शील्डिंगचा माइक टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळून नेताना आलेला बझ, हे दोन आवाज मिसळले. हा झाला स्थिर तलवारीचा आवाज. फिरवण्यासाठी त्याने ते मिश्रण स्पीकरवर लावलं आणि समोर दुसरा, लांबट माइक हवेत फिरवत पुन्हा मुद्रित केलं. माइक जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. हॉर्न देत जाणाऱ्या एसटीचं होतं तेच.

घरी करायचं तर फ्रिज किंवा जुन्या पंख्याच्या मोटरची घरघर मिनिटभर मुद्रित करा, स्पीकरवर लावा आणि समोर माइक फिरवा. मोबाइल वापरायचा तर त्याची नॉइज रिडक्शन आणि आपोआप पातळी जुळवणारी सोय आधी बंद करा, नाहीतर एकसुरी घरघर हाच 'गोंगाट' समजून तो ती पुसून टाकतो. आणि सगळा हात जोरात फिरवू नका, माइकवर वारा लागून फडफड येते. माइकला फोमची टोपी घाला आणि स्पीकरपासून हातभर अंतरात, मनगटातून फिरवा. आवाज चढला-उतरला नाही तर मनगटाचा वेग कमी पडतोय.

रिळवाला

धागा आवाजाचा आहे, तरी पॉडरेस निघालीच आहे म्हणून. स्टेडियममधले प्रेक्षक बघा. लांबच्या शॉटमध्ये गच्च भरलेली जी गॅलरी दिसते ती प्रतिकृती आहे आणि तीत बसलेत कान कोरायच्या कापसाच्या काड्या, रंगवलेल्या, सुमारे साडेचार लाख. खालून पंख्याने हवा सोडली की काड्या हलतात आणि गर्दी चुळबुळतेय असं वाटतं. नाबूवरच्या थीड शहराजवळचे धबधबेही असेच. पाण्याचे थेंब प्रतिकृतीच्या मानाने फार मोठे दिसतात, म्हणून वरून मीठ ओतलं आणि त्याचं चित्रण केलं. 'सगळं कॉम्प्युटरवर केलंय' म्हणणाऱ्यांना मी हा मिठाचा धबधबा दाखवतो.

ब्लू-रेवर मात्र फिल्मचे दाणे पुसताना चेहऱ्यांचा पोतही पुसला गेलाय, क्वाय-गॉन झालेला लियाम नीसन मेणाचा वाटतो. चित्राच्या कडांचा भाग डीव्हीडीपेक्षा जास्त दिसतो हा त्यातला फायदा, आणि छोटा हिरवा जेडाय गुरू योडा त्यात बाहुला नाही, कॉम्प्युटरचा आहे. मूळ बाहुला बघायचा तर डीव्हीडी जपून ठेवा.

तिसरी_फेरी

काड्या मोजायला बसतो.